बादलीचं भांडण बादलीपुरतं!

बॉसशी खटका, कलीगशी अबोला, घरी गेल्यावर धुसफूस... माणसं सांभाळायची कशी, याचं उत्तर मी मॅनेजमेंटच्या पुस्तकांत शोधत होते. ते सापडलं नायगावच्या चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत!

सकाळचे पावणेसात. नायगावच्या बीडीडी चाळीतला तिसरा मजला. संडाससमोरची रांग. कुणाच्या हातात टमरेल, कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या खांद्यावर टॉवेल. रांगेत पुढे शेजारची काकू आणि तिच्या मागे माझी आई. आदल्याच रात्री दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं. अख्ख्या मजल्याने ऐकलेलं. त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारलेले. आता काय होणार?

काकू मागे वळली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही जा आधी. पोरीचा डबा व्हायचाय ना?"

आई म्हणाली, "नको ताई, तुमची सात-दहाची गाडी चुकेल."

बस्स. पिक्चर खतम!

मी तेव्हा सातवीत होते. वाटलं, काय ही नाटकं! काल एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या बाकी होत्या आणि आज 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'? ते नाटक नव्हतं, स्किल होतं, हे कळायला मला पुढची दहा वर्षं आणि एक नोकरी गमवावी लागली.

माझा 'सीसी'चा किस्सा

मास कॉमची डिग्री, पहिली नोकरी, गळ्यात आयकार्ड. आपण सॉलिड हवेत! टीममध्ये माझ्याहून वर्षभराने सीनियर असलेली एक मुलगी होती. एका मीटिंगमध्ये तिने प्रेझेंटेशन दिलं आणि त्यातल्या चार आयडिया चक्क माझ्या होत्या. माझं डोकंच फिरलं. तिच्याशी एक शब्द न बोलता मी घरी आले आणि रात्री साडेअकराला एक लांबलचक मेल लिहिला. त्यात त्या चार आयडिया तर होत्याच, शिवाय मागच्या महिन्यात तिने मला न विचारता बदललेली हेडलाइन, वाढदिवसाच्या लंचला न बोलावणं, असं सगळं झाडून घातलं. बॉसला सीसी, एचआरला सीसी. सेंड!

दुसऱ्या दिवशी कळलं, की शेवटच्या स्लाइडवर तिने माझं नाव टाकलं होतं. वेळ संपल्यामुळे ती स्लाइड दाखवलीच गेली नव्हती. पण आता मेल गेला होता. पुढचे चार महिने आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर बसून एकमेकींशी बोललो नाही. क्लायंटने तारीख बदललेली तिने मला सांगितली नाही, सर्व्हरवरची जुनी फाइल मी तिला सांगितली नाही. अप्रायझलमध्ये दोघींनाही एकच शेरा मिळाला, टीम प्लेयर नाही. आठव्या महिन्यात मी राजीनामा दिला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, "तू तिला विचारलंस का?"

"नाही. मेल केला."

"मग भांडलीस कुठे? तू तर नुसती तक्रार केलीस."

आईच्या भांडणाचा फंडा

सातवीतलं ते भांडण कशावरून झालं होतं ठाऊक आहे? बादलीवरून! काकूने भरलेली बादली पॅसेजमध्ये आमच्या दारातच ठेवली होती आणि मी तिला अडखळून पडले. आई त्याच मिनिटाला काकूच्या दारात गेली. "ताई, बादली हलवा, पोर पडली." काकूने "पॅसेज काय तुमच्या एकटीचा आहे का?" म्हटलं आणि मग जे काही झालं ते पाऊण तास चाललं.

आज आठवताना जाणवतं, त्या पाऊण तासात आईने वर्षापूर्वी काकूने नेलेली आणि परत न आलेली इस्त्री काढली नाही. काकूच्या मुलाच्या नापास होण्यावर ती बोलली नाही. चाळीच्या मंडळाच्या अध्यक्षांना मध्ये घातलं नाही. भांडण बादलीचं होतं, ते बादलीपुरतं राहिलं. सकाळी बादली जागेवरून हलली होती आणि रांगेत 'आधी तुम्ही' झालं.

माझ्या मेलमध्ये बादली होती, इस्त्री होती, नापास मुलगा होता आणि अध्यक्षही होते. उगाच नाही बुडाले!

१६० चौरस फुटांचं मॅनेजमेंट स्कूल

हे सगळं आलं कुठून? या घरांच्या रचनेतूनच. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याचंच नाव या बीडीडी चाळींना मिळालं. कामगारांसाठी एका खोलीची ५० हजार घरं बांधायची होती. झाली त्यापेक्षा बरीच कमी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या ४२ नायगावात. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मध्ये पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, संडास सामायिक.

म्हणजे भांडलात, तरी जाणार कुठे? ज्याच्यावर रात्री ओरडलात, त्याच्याच मागे सकाळी रांगेत उभं राहायचंय. उद्याही, परवाही. ऑफिसचंही तेच असतं. फक्त केबिन, हेडफोन आणि मेल यांच्यामुळे आपण ते विसरतो.

गंमत म्हणजे, या चाळीतल्या शहाणपणाला अमेरिकेत कॉम्प्युटरवरून दुजोरा मिळालाय. मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८०च्या आसपास एक स्पर्धा घेतली. खेळ दोघांचा. प्रत्येक डावात पर्याय दोनच, साथ द्यायची किंवा दगा द्यायचा. दोघांनी साथ दिली तर दोघांचंही बरं चालतं. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगा देणाऱ्याची चांदी. दोघांनीही दगा दिला, तर दोघांनाही फटका. हाच खेळ त्याच जोडीने पुन्हा पुन्हा खेळायचा. जगभरातल्या तज्ज्ञांनी एकाहून एक बेरकी प्रोग्रॅम पाठवले. पहिल्या फेरीत १४, दुसऱ्या फेरीत ६२. दोन्ही वेळा जिंकला अ‍ॅनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम, टिट फॉर टॅट. आपल्या भाषेत, जशास तसे!

त्याचे नियम बघा. सुरुवात नेहमी साथ देऊन करायची. समोरच्याने दगा दिला, तर पुढच्याच डावात उत्तर द्यायचं, साठवून ठेवायचं नाही. तो सुधारला की लगेच आपणही सुधारायचं, जुनं उकरायचं नाही. आणि हे सगळं इतकं सरळ, की समोरच्याला आपला स्वभाव कळावा. आईने बादलीच्या वेळी याहून वेगळं काय केलं होतं?

त्यातही कमाल म्हणजे, हा प्रोग्रॅम कुठल्याही एका प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. जास्तीत जास्त बरोबरी! तरीही सगळ्यांची बेरीज केली की तोच पहिला. ऑफिसात प्रत्येक वाद जिंकणाऱ्यांनी हे वाक्य डेस्कटॉपवर लावावं. अ‍ॅक्सेलरॉड यांनी यातून निष्कर्ष काढला, की पुन्हा भेटायचंय हे पक्कं असलं की माणसं नीट वागतात. नायगावात त्यासाठी संशोधन लागत नाही, सकाळची रांग पुरते.

वाटी रिकामी जात नाही

पण जशास तसेमध्ये एक लोच्या आहे. समोरच्याने दगा दिलाच नाही, आपल्याला तसं नुसतं वाटलं तर? मग उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर... माझं आणि त्या कलीगचं झालं तसं, चार महिने! यावरचा उपाय मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड या संशोधकांनी १९९२मध्ये दाखवला. अधूनमधून, समोरच्याने कारण दिलं नसतानाही, माफ करून टाकायचं. कुणीतरी साखळी तोडायची.

आमच्या मजल्यावर साखळी तोडायचं काम वाटी करायची. शेजारून भाजीची वाटी आली, की ती रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण वाटी भरून जाणार. अबोला असला तरी वाटी थांबत नसे. "जा गं, काकूला देऊन ये," म्हणून मला पाठवलं जायचं. बोलायचं नव्हतं, पण वाटी जायची.

मी अकरावीत असताना, पावसाळ्यातल्या एका रात्री दीड वाजता बाबांच्या छातीत कळा यायला लागल्या. त्या आठवड्यात टीव्हीच्या आवाजावरून आई आणि काकूचं पुन्हा वाजलं होतं. आईने हाक मारली, तेव्हा पहिलं दार उघडलं ते काकूचंच. तिच्या मुलाने आणि आणखी तिघांनी बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून तीन मजले खाली नेलं. टॅक्सी, केईएम. काकू रात्रभर माझ्याजवळ बसून राहिली. बाबा वाचले. टीव्हीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या रात्री ते दार उघडलं, त्यामागे वर्षानुवर्षांच्या वाट्या होत्या, असं मला आज वाटतं.

करिअरमध्येही ही पत चालते बरं का! १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेकडे तारण ठेवायला या बायकांकडे काही नव्हतं. त्यांनी गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि कर्ज मिळवलं. एकमेकींचा शब्द हेच भांडवल. पुरव यांना पुढे २००२मध्ये पद्मश्री मिळाली. नेटवर्किंग म्हणून आपण जे व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरतो, त्याचं हे खरं रूप.

सगळंच गोड नव्हतं!

चाळीचा उदोउदो करणारे बहुतेक जण आता फ्लॅटमध्ये राहतात, हे मला ठाऊक आहे. चाळीत प्रायव्हसी शून्य. मुलगी आठनंतर कुणाच्या बाइकवरून उतरली, याची बातमी तिच्याआधी घरी पोहोचायची. आजारी म्हाताऱ्यांना रात्री पॅसेजच्या टोकाशी जायला लागायचं. नव्या नवरा-नवरीला चार वाक्यं एकांतात बोलायला शिवाजी पार्क गाठावं लागायचं. स्वतःचा संडास आणि बंद होणारं दार हवं असणं यात काहीच चूक नाही.

पण दाराचा एक धोकाही असतो. माझी एक मैत्रीण नवऱ्यासोबत टू बीएचकेमध्ये राहते. भांडण झालं की तो एका खोलीत, ही दुसऱ्या खोलीत. दोन-दोन दिवस! ती म्हणते, "दुसरी खोली आहे म्हणून अबोला परवडतो गं." माझ्या आई-बाबांना तो कधीच परवडला नाही. रागाने तोंड फिरवलं तरी समोर भिंत आणि मागे तोच माणूस. झोपायच्या आत विषय मिटवावाच लागायचा, किंवा निदान "उद्या बोलू" एवढं तरी म्हणावं लागायचं.

आता या चाळी जाताहेत. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावातही टॉवरचं काम चालू आहे. आमची चाळ रिकामी झाली, आम्ही सध्या भाड्याने राहतो. काकू दुसऱ्या उपनगरात. आईचा तिला रोज फोन असतो, भांडायला आणि बोलायलाही. रांग संपली, पण दोघींनी ती फोनवर चालू ठेवलीय!

त्यांचं बघूनच मागच्या महिन्यात मी त्या जुन्या कलीगला मेसेज केला. "तेव्हा तुला आधी विचारायला हवं होतं. सॉरी." दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "मीही सांगू शकले असते." एवढंच. आम्ही काही मैत्रिणी झालो नाही, होऊही कदाचित नाही. पण वाटी गेली आणि ती रिकामी परत आली नाही. सुरुवात म्हणून वाईट नाही, काय?

ट्राय करून बघा...

• राग आला की त्याच दिवशी, त्याच माणसाशी, समोरासमोर बोला. रात्री साडेअकराचा मेल ड्राफ्टमध्येच झोपू द्या.

• एका भांडणात एकच बादली. जुनी इस्त्री बाहेर काढू नका.

• बॉसला सीसी करण्याआधी स्वतःला विचारा, 'मी तिला विचारलं का?'

• अबोला असला तरी कामाची माहिती थांबवू नका. बदललेली तारीख सांगणं हीसुद्धा वाटीच.

• गोड बोलणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. दारातली बादली हलवायला सांगा. सांगितलं नाहीत, तर उद्या तिथे पिंप येईल!