दलालाच्या कागदांतली माणसं
(गोव्याचे इतिहासकार : लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण पांडुरंग पिसुर्लेकरांचं काम पाहिलं. त्यांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ वाचताना मराठी वाचकाची नजर किल्ले, वकील आणि खंडण्या यांवर खिळते. पण शेजारच्या सत्तांशी पोर्तुगिजांनी केलेल्या तहांत आणखीही एक कलम सापडतं : आमचे पळून आलेले गुलाम परत करावेत. त्याकडे आपण क्वचितच थांबून पाहतो. गुलाम पळत होते आणि मालक त्यामुळे हैराण होते, एवढं तरी ते कलम कबूल करून जातं.

जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या हमरस्त्यावर रोज सकाळी लिलाव चाले. त्यात घोडे, गालिचे आणि माणसं विकली जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेला डच लिन्स्होटेन आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी आलेला फ्रेंच पिरार या दोघांनीही हे लिहून ठेवलं आहे. मोझांबिकहून आणलेल्यांना इथे ‘खापरी’ म्हणत. पालखी उचलायला खापरी, बाणगिनीच्या झऱ्याचं पाणी विकायला खापरी, आणि युद्धात पुढे उभं राहायलाही तेच. परदेशी प्रवाशांची ही वर्णनं वाचली की गुलामगिरी म्हणजे फिरंग्यांचं पाप, आपण केवळ साक्षीदार, असा सोयीचा समज होतो.

हा समज हलवला तेओतोनियो द सौझा यांनी. बार्देशातल्या मयडे गावात १९४७ साली जन्मलेले तेओतोनियो जेझुइट झाले, १९७९ मध्ये ‘मिडीव्हल गोवा’ या ग्रंथाने नावारूपाला आले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राचे पहिले संचालक बनले. १९९४ मध्ये त्यांनी जेझुइट संघ सोडला. पुढे लिस्बनमध्ये अध्यापन केलं आणि २०१९ मध्ये तिथेच ते वारले. चर्चच्या घरात वाढलेल्या या माणसाने चर्चच्याही हिशेबाला हात घालायला मागेपुढे पाहिलं नाही.

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी म्हामाय कामतांचं घर आहे. अठराव्या शतकात हे घराणं मोठी दलाली करी आणि फ्रेंचांचं कामही पाही. त्यांच्या घरातले पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा अनेक भाषांतले व्यापारी कागद केंद्राकडे आले, आणि तेओतोनियोंनी त्यांतून १७७३ ते १७९१ या काळातला फ्रेंचांचा गोव्यातला गुलामव्यापार उलगडला. मॉरिशस आणि रियुनियन या बेटांवरच्या मळ्यांना माणसं हवी होती, आणि गोव्यातला दलाल ती पुरवण्याच्या साखळीत होता. गावातल्या प्रतिष्ठित हिंदू घराण्याच्या कागदांवरून हे लिहायचं आणि त्याच गावात राहायचं, हे सोपं नव्हे. दोषारोपाचा सूर न लावता त्यांनी व्यवहार मांडला, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. पण दलालाच्या कागदाची मर्यादाही तिथेच कळते. त्यात सौदा असतो, जहाज असतं; विकल्या गेलेल्या माणसाचं म्हणणं नसतं.

ते म्हणणं शोधायचं तर पळवाटा शोधाव्या लागतात, आणि इथे डिचोली-पेडण्याचा संबंध येतो. दिवाडी बेटावरून नदी ओलांडली की डिचोलीतलं नार्वे. सप्तकोटेश्वर याच वाटेने दिवाडीहून नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधलं. बार्देशातल्या कोलवाळची नदी ओलांडली की पेडणे. या दोन्ही नद्यांपलीकडे बराच काळ सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणजे तिसवाडीतल्या वा बार्देशातल्या गुलामाला परका मुलूख एका तरीच्या अंतरावर होता. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगिजांकडे आले. तेओतोनियोंचे कागद नेमके याच वर्षांतले आहेत. नकाशावर ‘नव्या काबिजादी’ म्हणून आपण ज्या विस्ताराची नोंद करतो, त्याने पळणाऱ्याची सीमा दूर सरकवली. पिकाऊ जमीन, देसायांचे हक्क, देवस्थानं यांच्या चर्चेत ही बाजू कुणी मांडत नाही.

सगळ्यांचीच पळापळ फसली नाही. उत्तर कन्नडातल्या यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दींचे पूर्वज मुख्यतः गोव्यातून निसटलेले गुलाम होते, असं अभ्यासक मानतात. त्यांची कोकणी आजही त्या वाटेची दिशा दाखवते.

कायद्याने मात्र फार सावकाश पाऊल टाकलं. गुलामांचा व्यापार पोर्तुगालने १८३६ मध्ये बंद केला, तर आपल्या साऱ्या वसाहतींतली गुलामगिरी संपल्याचं १८६९ मध्ये जाहीर केलं, आणि तेव्हाही मुक्त झालेल्यांना काही वर्षं जुन्याच मालकांकडे राबायला लावलं. त्यानंतर चारच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. अमेरिकेतला गुलाम मराठीत असा १८७३ सालीच आला. मांडवीकाठच्या गुलामाचा सविस्तर इतिहास जेनेट पिंटो यांनी १९९२ मध्ये लिहिला, तोही इंग्रजीत. त्या पुस्तकाविषयी पुढच्या आठवड्यात.