दहा टक्के तपासले, म्हणजे माल चांगला?

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांत ‘बाहेरून आलेला माल कसा तपासता?’ असं विचारलं, तर पुष्कळदा एकच उत्तर येतं: ‘दहा टक्के बघतो साहेब. एक जरी खराब निघाला तरी लॉट परत.’ ऐकायला हिशेब चोख वाटतो. प्रत्यक्षात तो फसवा आहे.

आकडेच मांडून बघू. ५० पिनांचा लॉट आला, त्यात २ पिना खराब, म्हणजे ४ टक्के. दहा टक्क्यांच्या नियमाने आपण ५ पिना उचलल्या. त्या पाचांत एकही खराब पिन नसण्याची शक्यता ८१ टक्के निघते. असे शंभर लॉट आले, तर साधारण ८१ बिनबोभाट आत जातील. आता १,००० पिनांचा लॉट घ्या. खराबीचं प्रमाण तेच, म्हणजे ४० पिना. नियमाप्रमाणे १०० पिना तपासल्या, तर एकही खराब न सापडण्याची शक्यता दीड टक्क्याहूनही कमी. मालाचा दर्जा सारखा, नियम तोच, तरी छोटा लॉट सुटला आणि मोठा अडकला. नमुन्याची ताकद टक्केवारीवर नव्हे, तर त्यात किती नग आहेत यावर ठरते.

हे गणित अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी १९२०च्या दशकात बसवायला घेतलं. टेलिफोनचे सुटे भाग प्रचंड संख्येने बनत, प्रत्येक नग तपासणं परवडणारं नव्हतं. काही वस्तू तर तपासल्या की संपतात: फ्यूज कधी उडतो हे बघायचं, तर तो उडवावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने खरेदीसाठी, केवढ्या लॉटमधून किती नग तपासायचे हे सांगणारी कोष्टकं वापरली. त्याच परंपरेतून आजचं आयएसओ २८५९ आणि आपल्याकडचं आयएस २५०० ही मानकं आली.

कोष्टक कसं वाचायचं? समजा, २,००० बुशांचा लॉट आला आहे. १,२०१ ते ३,२०० नगांच्या ओळीत, तपासणीच्या सर्वसाधारण दुसऱ्या पातळीला, ‘के’ हे अक्षर मिळतं. के म्हणजे १२५ नग. खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात एक्यूएल, म्हणजे चालून जाणारी खराबीची पातळी, १ टक्का ठरली असेल, तर ३ पर्यंत खराब नग निघाले तरी लॉट घ्यायचा. ४ निघाले की परत.

या नियमाने १ टक्का खराबी असलेला लॉट शंभरात सुमारे ९६ वेळा पास होतो, २ टक्केवाला ७६ वेळा आणि ५ टक्केवाला १२ वेळा. म्हणजे चांगला माल कधी विनाकारण परत जातो, वाईट कधी आत येतो. पहिली जोखीम पुरवठादाराची, दुसरी खरेदीदाराची. नमुना तपासणीत जोखीम संपत नाही, पण ती किती हे आधी कळतं.

मात्र हे आकडे खरे ठरायला नग लॉटभरातून चिठ्ठी काढल्यासारखे निवडावे लागतात. क्रेटच्या वरच्या थरातले १२५ बुश गेजवर लावले, तर तपासणी त्या थराची झाली. तळाशी काय आहे हे कळलंच नाही.

दुसरी हलगर्जी आधीच्या लॉटांच्या इतिहासाबाबत होते. लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटांत दोन नापास झाले, तर मानक कडक तपासणीवर जायला सांगतं: नग १२५च, पण २ पर्यंतच खराब चालतात. लागोपाठ पाच लॉट पास झाल्यावरच नेहमीच्या तपासणीवर परतायचं. हा भाग गाळला, तर घसरणाऱ्या पुरवठादाराला आळा घालणारं काही उरत नाही.

आणि चौथा खराब नग सापडल्यावर ‘अजून पन्नास बघू’ म्हणणं ही तपासणी नव्हे, तडजोड आहे. त्या क्षणी सगळं गणित कोलमडतं आणि खराब भाग पुढच्या जुळणी करणाऱ्या कामगाराच्या हातात जातो. म्हणून नमुना किती, किती खराब चालतील आणि नापास लॉटचं काय करायचं, हे पेटी उघडण्याआधी खरेदीच्या ऑर्डरवरच लिहा. निर्णय आकड्यांनी घ्यायचा असेल, तर आकडे माल दिसण्याआधी ठरलेले हवेत.