अकरा नंबरचा बावटा

बंदरात राबणाऱ्या माणसाला हवामानशास्त्र ठाऊक नसते, पण बावटे ठाऊक असतात. आम्ही एकोणिसाव्या वर्षी गोदीत लागलो, तेव्हा एका म्हाताऱ्या मुकादमाने आम्हांला पहिला धडा दिला तो बावट्यांचा. "तीन लागला की आभाळाकडे बघ, चार लागला की ताडपत्र्या आवळ, आणि त्याच्या वर गेला तर मला विचारायला थांबू नकोस," असे तो सांगे. अकरा नंबरचा बावटाही असतो हे त्याने ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र त्याला सांगता येईना. दहापर्यंतच जग बुडते, मग अकरावा कशाला, असे तो हसून म्हणे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर, जुन्या पुस्तकांच्या संगतीत झाले. तेथेच केव्हातरी अकराव्या बावट्याचा अर्थ सापडला. पहिले दहा इशारे वादळाबद्दल काही ना काही सांगतात. अकरावा एवढेच सांगतो की, वादळाची खबर देणाऱ्या कचेरीशी आपला संबंध तुटला आहे. आता पुढे काय येते आहे ते आम्हांला कळत नाही. आणि ज्यांनी ही पद्धत बसविली त्यांनी या न कळण्याला महाभयंकर वादळाच्याही वरचा आकडा दिला. आजचा आमचा विषय, शेजारी राष्ट्रांनी एकमेकांना संकटाची आगाऊ खबर देणे, हा या एका आकड्यात सगळा सामावलेला आहे असे आम्हांला वाटते.

शेजाऱ्यांची गरज का पडावी, असे कोणी विचारील. २०२१ सालचे एक वादळ पाहा. सप्टेंबरात ते बंगालच्या उपसागरात उठले. त्याचे नाव 'गुलाब'; ते पाकिस्तानने सुचविलेले. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या किनाऱ्यावर चढले, जमिनीवर येऊन त्याचा जोर ओसरला, आणि त्या उरल्यासुरल्या वादळाने आपल्या मराठवाड्यात असा पाऊस पाडला की नद्या शेतांवरून वाहिल्या आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. लोकांना वाटले, संपले. पण ते अवशेष अरबी समुद्रात उतरले, तेथे त्यांनी पुन्हा बाळसे धरले, आणि कतारने सुचविलेले 'शाहीन' हे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. एकाच वादळाने आठवड्याभरात दोन समुद्र आणि दोन देश पाहिले. आंध्रातील नोंद ओमानला मिळाली नसती, तर ओमानच्या दृष्टीने ते वादळ आकाशातून पडल्यासारखेच झाले असते.

इशारा देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. 'सायक्लोन' हा इंग्रजी शब्दच मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचा एक व्यापारी जहाजावरचा कप्तान तेथे स्थायिक झाला होता. जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून, वादळातला वारा सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो हे त्याने मांडले आणि ग्रीक भाषेतून हा शब्द घडविला. तोही विद्यापीठातला पंडित नव्हता, हे आम्ही थोड्या आपलेपणाने नमूद करतो. १८५३ साली त्याने सरकारला लिहून कळविले की, मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा तुमचा बेत धोक्याचा आहे, एखाद्या वादळात समुद्र त्यावरून जाईल. सरकारने बंदर बांधले, त्याला एका लाटसाहेबाचे नाव दिले, आणि १८६७ साली वादळाच्या लाटेने त्याची धूळधाण केली. पिडिंग्टन तोवर वारला होता. त्याआधी तीनच वर्षे, १८६४ च्या ऑक्टोबरात, खुद्द कलकत्त्याच्या परिसरात वादळाने साठ हजारांच्या आसपास माणसे मारली होती. त्यानंतर कुठे त्या बंदराला इशारे देण्याची व्यवस्था झाली. भारताचे हवामान खाते १८७५ चे.

पण ही सारी व्यवस्था जहाजांसाठी होती, झोपडीतल्या माणसासाठी नव्हती. बावट्यांचे आकडेच पाहा. पाच, सहा आणि सात हे तिन्ही धोक्याचे इशारे, आणि तिघांतला धोका सारखाच. फरक एवढाच की, वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार: पाच म्हणजे बंदर डावीकडे ठेवून, सहा म्हणजे उजवीकडे ठेवून, सात म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून. आठ, नऊ, दहा यांचेही तसेच. तेथे फक्त वादळ अधिक उग्र. कप्तानाला ही बाजू कळणे जरूर असते, कारण त्यावरून वारा कोठून येणार ते ठरते. किनाऱ्यावरचा मनुष्य मात्र समजतो की सातपेक्षा पाच सौम्य. ही पद्धत इंग्रजांच्या मागे भारतातही राहिली आणि बांगलादेशातही राहिली.

या गैरसमजाची किंमत काय होते ते १९७० साली दिसले. त्या वर्षी १२ नोव्हेंबरच्या रात्री, ऐन भरतीच्या वेळी, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानावर भोला बेटाच्या बाजूने वादळ चढले. उपसागराचे ते टोक नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ. वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते वर चढते. वीस-तीस फूट पाणी सपाट बेटांवरून गेले. मृतांचा आकडा तीन ते पाच लाख सांगतात. नक्की मोजायला कोणी उरले नव्हते. नंतर पाहणी झाली तेव्हा असे आढळले की, वादळ येत आहे हे बहुतेकांच्या कानावर गेले होते. पक्क्या आसऱ्याला गेलेले मात्र अगदी थोडे. इशारा पोचला होता, त्याचा अर्थ पोचला नव्हता. आणि अर्थ कळूनही जायचे कोठे, हा प्रश्न उरलाच असता.

या प्रलयानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली राष्ट्राराष्ट्रांतली. १९७२ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियाविषयक आयोग यांनी मिळून उपसागर व अरबी समुद्र यांच्या काठच्या देशांचे एक चक्रीवादळ-मंडळ स्थापन केले. आज त्यात तेरा देश आहेत: म्यानमार, थायलंड, बांगलादेशपासून इराण, येमेनपर्यंत. १९८८ पासून या साऱ्या टापूचे वादळ-केंद्र म्हणून दिल्लीचे हवामान खाते काम पाहते. जहाजे, तरंगत्या नोंदयंत्रांची पिंपे, किनाऱ्यावरचे रडार आणि उपग्रह यांची माहिती एकत्र होते, आणि वादळ उठले की त्याची जागा, जोर व वाटचाल दर तीन तासांनी सगळ्या सभासदांना कळविली जाते. दिल्लीचे हे पत्रक सल्ला असते, हुकूम नव्हे. आपल्या लोकांना इशारा द्यायचा की नाही, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे प्रत्येक देशाचे सरकार ठरविते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

गमतीची गोष्ट अशी की, दिल्लीत केंद्र असताना या मंडळाची कचेरी कित्येक वर्षे इस्लामाबादेत होती. वादळांची नावेही असेच मिळून ठेवतात. २००४ साली आठ देशांनी चौसष्ट नावांची यादी केली. ती २०२० च्या मेमध्ये 'अम्फान'ला संपली. नव्या यादीत तेरा देशांची प्रत्येकी तेरा नावे आहेत, आणि त्यातले पहिलेच नाव, बांगलादेशाने दिलेले 'निसर्ग', ३ जून २०२० ला आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर उतरले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा त्या दुपारी आडव्या झाल्या. माणसे आधी हलविलेली होती, म्हणून जीवितहानी थोडी झाली. बागाईतदाराचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न मात्र कोणताही इशारा हलवू शकत नाही.

दुसरी गोष्ट घडली ती बांगलादेशात, आणि आम्हांला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. रेडक्रॉसच्या पुढाकाराने, आणि १९७३ पासून सरकारच्या भागीदारीने, त्यांनी गावोगावी स्वयंसेवक उभे केले. आज त्यांची संख्या शहात्तर हजारांवर आहे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. हातात कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा आणि लाल झेंडे. एक झेंडा म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे धोका, तीन म्हणजे निघा. पाच की सात ही भानगडच नाही. गुरे सोडून शेतकरी हलत नाही हे ओळखून मातीचे उंच ओटे उभारले. त्यांना तिकडे किल्ला म्हणतात. १९९१ च्या एप्रिलात पुन्हा एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक होत्या, कारण घर आणि मुले टाकून त्या निघाल्या नाहीत. स्वयंसेवकांत स्त्रिया हव्यात हे त्यातून पटले. २००७ च्या 'सिद्र' वादळात तेथे सुमारे साडेतीन हजार मेले. हाही आकडा लहान नव्हे, पण १९७० शेजारी ठेवून तो वाचावा. आपल्याकडे ओडिशाने १९९९ साली दहा हजारांच्या घरात माणसे गमावली; २०१३ च्या 'फायलिन'ला सुमारे दहा लाख लोक हलविले आणि मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला.

याच्या उलट २००८ चा ब्रह्मदेश. 'नर्गिस' वादळ इरावतीच्या मुखावर चढण्यापूर्वी अठ्ठेचाळीस तास, ते कोठे आणि किती जोराने चढणार, हे दिल्लीने तेथील खात्याला कळविले होते. म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतला तारायंत्राचा भाग चोख झाला. तरी एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसे मेली वा बेपत्ता झाली. कागद राजधानीत आला होता. खाडीतल्या भातशेतीवर तो पोचविणारा कोणी नव्हता.

त्सुनामीविषयी थोडक्यातच सांगतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला. तेथून लाट तामिळनाडूला यायला सुमारे दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत किनाऱ्याला कोणी काही सांगितले नाही, कारण हिंदी महासागरात सांगणारी यंत्रणाच नव्हती. पॅसिफिकमध्ये ती १९४९ पासून होती. पुढे युनेस्कोच्या विद्यमाने ती उभी राहिली. २००७ पासून हैदराबादेत आपले केंद्र आहे आणि २०११ पासून भारत, इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया साऱ्या महासागराला खबर देतात. मुंबईलाही हे परके नाही: १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानजवळच्या भूकंपाची लाट येथवर आली आणि तिने माणसे ओढून नेली. पण २००४ च्या त्या सकाळी पाँडिचेरीजवळचे नल्लावाडू गाव वाचले. सिंगापूरला कामाला गेलेल्या एका तरुणाने तिकडे बातमी पाहून घरी फोन केला. गावकऱ्यांनी माहिती-केंद्राचे दार फोडून कर्ण्यावरून ओरडून सांगितले. घरे गेली, मनुष्य एकही गेला नाही. पहिला आंतरराष्ट्रीय इशारा त्या दिवशी एका मजुराने दिला, तोही स्वखर्चाने.

आता आमच्या धंद्याचे. १७ मे २०२१. 'तौक्ते' वादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते. नाव म्यानमारने दिलेले, मार्ग दिल्लीने वर्तविलेला, समुद्रात जाऊ नका असे काही दिवस आधीपासून सांगितले गेलेले. मुंबईच्या पश्चिमेस तेलविहिरींच्या क्षेत्रात 'पी-३०५' नावाची तराफाबोट होती, तिच्यावर २६१ माणसे. नांगर तुटले, बोट भरकटली आणि बुडाली. नौदलाने १८६ वाचविले. ७५ परतले नाहीत. त्यांत फिटर होते, वेल्डर होते, स्वयंपाकी होते, पुष्कळसे ठेक्यावरचे. त्यांच्यापैकी कोणाला इशारा कळला नव्हता असे नव्हे. पण तराफ्यावरच्या वेल्डरला बावटा दिसला म्हणून तो उठून घरी जाऊ शकत नाही. दिल्लीचे पत्रक देशाला सल्ला असते, हुकूम नव्हे, असे आम्ही वर म्हटले. देशातला इशाराही मजुराच्या हाती आला की नुसता सल्लाच उरतो, आणि हुकूम दुसऱ्याच कोणाच्या खिशात असतो.

आमच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारले, "दर वेळी काम थांबवायचे आणि वादळ वळून गेले, तर लोकांचा विश्वास उडणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. अंदाज चुकतात, आणि अर्ध्यातून परतलेल्या नाखव्याचे डिझेल व बर्फ फुकट जातात. पण तो खर्च कोणी सोसायचा, हे ठरले की विश्वासाचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. एकट्याने तो सोसवत नाही. २००९ पासून थायलंडमध्ये आशिया-आफ्रिकेतील देशांची एक सामाईक इशारा-संस्था आहे. जे मालदीवसारखे लहान देश स्वतःचे शास्त्रज्ञ व यंत्रे बाळगू शकत नाहीत, ते तेथे मिळून काम चालवितात. आमच्या युनियनची वर्गणी याहून निराळी नाही.

काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराशी आम्ही याच खर्चाबद्दल करार करायला बसलो होतो. आमची मागणी अशी की, चार नंबर लागताच क्रेनवरचे आणि पाण्यातले काम बंद व्हावे आणि मजुरी कापू नये. तो म्हणाला, "आणि वादळ आलेच नाही तर?" आम्ही म्हटले, "तर नारळ फोडा आणि मजुरी द्या." घासाघीस रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी तो सातवर अडला. पाच आणि सहाला माणसे कामावर राहतील म्हणाला. तेव्हा आम्ही कागदावर बंदर काढले, डावीकडून एक बाण काढला, उजवीकडून एक, मधून एक, आणि तिन्ही वादळे सारखीच आहेत हे त्याला दाखविले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. पाचवर सही झाली, अर्ध्या मजुरीने. उरलेली अर्धी आम्ही पुढच्या कराराच्या मागणीपत्रकात पहिल्या कलमात घातली आहे, आणि त्याच कलमात अकरा नंबरही घातला आहे, पूर्ण मजुरीने.