पालकसंघाचें बिनपगारी ओझें

(नभोवाणीवरील भाषण)

जून महिन्यांत शाळा उघडते, नव्या वह्यांना वेष्टनें चढतात, आणि थोड्याच दिवसांत पालकांची पहिली सभा भरते. वर्गशिक्षिका विचारतात, "यंदां संघाच्या कामाला कोण पुढें येईल?" सभेंत क्षणभर शांतता पसरते. कोणी घड्याळाकडे पाहतें, कोणी पिशवींत कांहीं शोधूं लागतें. अखेर ती शांतता जिला सहन होत नाहीं अशी एखादी आई हात वर करते. क्वचित् एखादे वडीलही करतात. बाकीची मंडळी सुटकेचा श्वास टाकून टाळ्या वाजवितात आणि घरोघर जातात. जूनमध्यें उत्साहानें वर गेलेला हा हात मार्च उजाडेपर्यंत इतका कां थकतो, आणि त्या थकव्याशीं आपणां सर्वांचा काय संबंध आहे, हें आज पाहावयाचें आहे.

आईबापांनीं व शिक्षकांनीं एकत्र बसून शाळेचा विचार करावा, ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत १८९७ सालीं ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन स्त्रियांच्या पुढाकारानें वॉशिंग्टन येथें मातांची राष्ट्रीय परिषद भरली. तेथील पालक-शिक्षकांच्या आजच्या राष्ट्रीय संघटनेचा उगम त्या परिषदेंत आहे. आपल्याकडे या कल्पनेला कायद्याचेंच पाठबळ मिळालें आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिति नेमावयास लावली, आणि तिच्यांत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें ठरविलें. महाराष्ट्राचा शुल्क-विनियमनाचा २०११ चा कायदा याहून एक पाऊल पुढें गेला. खाजगी शाळेंत पालक-शिक्षक संघ असावा, मुख्याध्यापक त्याच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष असले तरी उपाध्यक्ष पालकांपैकीं असावा, प्रत्येक इयत्तेचा एक पालक समितींत असावा, आणि फी ठरविण्यापूर्वीं शाळेनें या समितीची संमति घ्यावी, असें तो कायदा सांगतो. म्हणजे सभेंत हात वर करणारी ती आई केवळ हौशी मदतनीस राहत नाहीं; शहरांतील शेंकडों घरांच्या खर्चाची एक किल्ली तिच्या हातीं येऊं शकते.

कायद्याच्या पुस्तकांत हें काम असें भारदस्त दिसतें. प्रत्यक्षांत तिच्या वांट्याला येतें तें निराळेंच. सहलीची वर्गणी गोळा करावयाची. स्नेहसंमेलनाच्या नाचाचे पोशाख भाड्यानें आणून मोजून परत करावयाचे. शाळेच्या बसला उशीर कां झाला याची चौकशी करावयाची. कोणाचा हरवलेला रेनकोट शोधावयाचा. आणि रात्रीं साडेअकरा वाजतां व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें, कीं उद्यां चित्रकलेचा कागद पांढरा न्यावयाचा आहे कीं रंगीत. यांपैकीं एकही काम अवघड नाहीं. मग त्यांचें ओझें इतकें कां व्हावें?

पहिलें कारण माणसांच्या समूहाच्या स्वभावांतच आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्यानें माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचें बळ मोजलें, आणि आपले निष्कर्ष १९१३ सालीं प्रसिद्ध केले. एकटा माणूस जितक्या जोरानें ओढी, तितक्या जोरानें तो मंडळींत ओढीत नसे. आठ जण एकत्र ओढूं लागले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याचें बळ जवळजवळ निम्म्यावर येई. सर्वांचा मेळ नीट बसत नाहीं, हें त्याचें एक कारण. परंतु १९७९ सालीं अमेरिकेंतील कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं टाळ्या व आरोळ्या यांवर प्रयोग केले, तेव्हां असें दिसून आलें कीं, आपल्याबरोबर दुसरेही ओरडत आहेत अशी नुसती समजूत करून दिली तरी माणूस आपला आवाज आवरता घेतो. यांत लबाडी नसते. "दुसरे आहेतच" ही भावना नकळत हात सैल करते. चाळीस मुलांच्या वर्गाला आईबाप असतात ऐंशीं, आणि नेमकें म्हणूनच काम दोघीतिघींच्या अंगावर येऊन पडतें. त्या दोघीतिघींना वाटतें, लोक आपल्याला मुद्दाम राबवितात. लोकांना वाटतें, यांना हौसच आहे. दोन्ही समजुती चुकीच्या. पण मनें कडू होतात तीं खरींच.

दुसरें कारण असें कीं, या कामांत जबाबदारी आहे, पण रोजच्या व्यवहारांत अधिकार नाहीं. पालक तिला शाळेचें माणूस समजतात, शाळा तिला पालकांची वकील समजते, आणि तिची स्थिति अडकित्त्यांतील सुपारीसारखी होते. बस उशिरां आली कीं फोन तिला येतो. तीच तक्रार तिनें कचेरींत नेली कीं "तुम्हीसुद्धां असें बोलूं लागलां तर कसें व्हायचें?" हें ऐकावें लागतें. त्यांत तिचें स्वतःचें मूल त्याच शाळेंत असतें. कडक बोलावें तर त्याचा राग मुलावर निघेल काय, ही धास्ती. मऊ बोलावें तर इतर आया म्हणणार, हिला आपल्या मुलीला नाटकांत काम मिळवून द्यावयाचें आहे. वर्गणीच्या शंभर-दोनशें रुपयांचा हिशेब दहा रुपयांनीं चुकला तर तिनें तो पदरचे घालून पुरा करावा, आणि तरीही कोणी सहज विचारावें, "उरलेल्या पैशांचें काय झालें हो?" पगारी नोकराला असल्या प्रश्नांचा त्रास होतो, पण महिनाअखेर त्याच्या हातांत कांहीं पडतें. हिच्या हातीं पडतो तो संशय.

तिसरें कारण म्हणजे या कामाला किनारा नाहीं. सभेचें काम सभेपुरतें असतें, तेव्हां उठतांना मन मोकळें होतें. भ्रमणध्वनीनें मात्र सभा स्वयंपाकघरांत, आगगाडीच्या डब्यांत आणि अंथरुणापर्यंत नेऊन पोंचविली आहे. हें काम बहुतेक घरांत आईच्याच वांट्याला जातें, आणि तिचा दिवस आधींच भरलेला असतो. केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोकांचा वेळ कसा जातो याची देशव्यापी पाहणी केली. तींत असें दिसलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. या पांच तासांच्या शेजारींच संघाचें काम दाटीवाटीनें बसवावें लागतें.

अशा स्थितींत माणूस आळशी होत नाहीं, तो आंतून जळून जातो. इंग्रजींतील 'बर्नआउट' हा शब्द १९७४ सालीं हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें शास्त्रीय चर्चेंत आणला. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यानें ही अवस्था पाहिली ती न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यांत. तेथें तो स्वतः काम करी, आणि तेथील अनेक माणसें स्वयंसेवक होतीं. मन लावून काम करणारींच माणसें आधीं कोमेजतात, चिडचिडीं होतात, त्यांची झोंप उडते, आणि तीं अधिक तास राबूनही कमी काम उरकतात, असें त्यानें नोंदविलें. आपल्या ओळखीची एखादी उत्साही बाई वर्षअखेरीस सर्वांवर तुसडेपणानें बोलूं लागली, तर तिचा स्वभाव बिघडला असें म्हणण्यापूर्वीं ही नोंद आठवावी.

एवढ्यानें विषय संपत नाहीं. उलट येथेंच तो सर्वांच्या दारीं येतो. पुढील वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेनें तें वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधीं समितीपुढें ठेवावा, आणि समितीनें तीस दिवसांत निर्णय द्यावा, असा नियम आहे. जूनपासून मागें सहा महिने मोजले तर डिसेंबर येतो. स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि पोशाखांची धांवपळ यांचाही हाच हंगाम! ज्या आठवड्यांत खर्चाचे तक्ते बारकाईनें वाचावयाचे, त्याच आठवड्यांत ती बाई मुकुट आणि पंख मोजीत असते. शिवाय समित्यांची एक जुनी खोड आहेच. पार्किन्सन या इंग्रज लेखकानें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत एका काल्पनिक समितीचें वर्णन केलें आहे: ती अणुभट्टीचा प्रचंड खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते, आणि सायकली ठेवण्याच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाहीं, छप्पर सर्वांना कळतें. आपल्या सभांत छपराची जागा अल्पोपाहारानें घेतली आहे. बटाटेवडा कीं इडली यावर तास जातो, आणि फीचा कागद "सर्वांना मान्य आहे ना?" या एका वाक्यांत पुढें सरकतो. त्या वेळीं जागें राहून "हा आंकडा कसा आला?" असें विचारणारें माणूस थकून गेलेलें असलें, तर कायद्यानें दिलेला अधिकार नुसता कागदावर राहतो.

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चाचे नाहींत. वर सांगितलेल्या टाळ्यांच्या प्रयोगांचाच पुढचा भाग १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे हें कळतांच हात सैल सोडण्याची वृत्ति नाहींशी झाली. तेव्हां "सर्वांनीं मदत करावी" असें आवाहन करूं नये. काम लहान करावें, त्याला एका माणसाचें नांव आणि एक तारीख द्यावी: पोशाख परत करणें, अमके, २० तारीख. असें सांगितलें कीं कधीं न बोलणारे वडीलही वेळेवर हजर होतात. वर्गणीचे पैसे दोघांनीं मिळून मोजावे, आणि कार्य झाल्यापासून आठ दिवसांत हिशेब सर्वांपुढें ठेवावा. संशयाला जागाच उरत नाहीं. रात्रीं नवानंतर उत्तर मिळणार नाहीं, हें पहिल्याच सभेंत सांगून टाकावें. सभेंत मोठा विषय आधीं घ्यावा, खाण्याचा शेवटीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, फीचा प्रस्ताव ज्यांनीं पाहावयाचा त्यांच्याकडे डिसेंबरांत दुसरें कोणतेंही काम देऊं नये.

शाळेचेंही यांत कांहीं कर्तव्य आहे. संघाला निरोप्याचें काम सांगणें सोपें असतें, पण ज्या निरोपासाठीं कचेरींत पगारी माणूस आहे तो निरोप पालकांकडून फिरवून घेऊं नये. घरच्या मंडळींचेंही आहे. सभेच्या दिवशीं संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला, तर संघाला एक सभासद अधिक मिळाल्यासारखेंच होतें.

ज्यांनीं हात वर केला नाहीं, त्या आपणां बहुतेकांकडून फार मोठी अपेक्षा नाहीं. वर्षांतून एक काम स्वतःच्या नांवावर मागून घ्यावें, तें वेळेवर पुरें करावें, आणि तक्रारीचा फोन करण्यापूर्वीं समोरचें माणूस बिनपगारी आहे हें आठवावें. ज्यांनीं हात वर केला, त्यांनीं वर्ष संपल्यावर तो निःसंकोच खालीं घ्यावा. आलेले कागद व हिशेब पुढच्याच्या स्वाधीन करून मोकळें होणें यांत कमीपणा कसला? मात्र तो हात खालीं येण्यापूर्वीं दुसरा वर गेलेला असला पाहिजे, आणि तो कोणाचा असावा याचा विचार जूनच्या सभेपूर्वीं प्रत्येक घरांत व्हावयास हवा.