पोत्यांचा दफ्तरखाना

घानाच्या समकालीन कलेविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना आली तेव्हा नामांकित कलावंतांची ओळीने ओळख करून देणारा लेख मनात तयार होता. परंतु इब्राहिम महामा यांच्यापाशी येताच तो बेत बारगळला आणि लक्ष एका कळकट गोणपाटावर खिळले.

महामा यांचा जन्म 1987 सालचा, उत्तर घानातील तामाले येथला. शिक्षण कुमासीच्या विद्यापीठात. 2015 साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात एका लांबलचक बोळाच्या भिंती त्यांनी पोत्यांनी मढविल्या, 2017 साली जर्मनीतील कासेल येथे जुन्या वेशीवरील चौक्या झाकल्या, आणि युरोपात त्यांचे नाव झाले. रूढ इतिहास एवढाच.

पोत्याचा इतिहास मात्र इतक्यात आटोपत नाही. आशियातील गिरण्यांत विणलेले तागाचे पोते घानात येते, सरकारी कोको मंडळाची छपाई अंगावर मिरवीत कोकोच्या बिया वाहते, आणि त्या सेवेतून सुटल्यावर धान्याच्या व शेवटी कोळशाच्या व्यापाऱ्याकडे जाते. प्रत्येक मुक्कामी त्यावर कोणाचे नाव रंगविले जाते, कोठे तेलाचा डाग पडतो, कोठे काजळी बसते, आणि उसवल्या जागी ठिगळ लागते. असे जीर्ण पोते महामा नव्या पोत्याच्या बदल्यात घेतात. मग ओसाड रेल्वे-स्थानकात किंवा बाजाराच्या आवारात अंथरून, कामाच्या शोधात शहरात आलेल्या मजुरांच्या हातांनी पोत्याला पोते शिवले जाते. महामांनी या मजुरांतील स्त्रियांच्या हातांची छायाचित्रेही घेतली आहेत: परमुलखात काही बरेवाईट झाले तर घरच्यांचा पत्ता लागावा, म्हणून अनेकींनी आप्तांची नावे हातावर गोंदवून घेतलेली असतात. मालाच्या पोत्यावर मालकाचे नाव आणि ते शिवणाऱ्या हातावर आईबापांचे, ही जोडी एकदा पाहिली की महामांच्या वस्त्राकडे निव्वळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे अशक्य होते. कोणत्याही सरकारी दफ्तरात न सापडणारा श्रमाचा दस्तऐवज तेथे उघडा टांगलेला असतो.

या वस्त्रांची किंमत परदेशी दालनांतून येते व तामालेत खर्ची पडते. 2019 साली महामांनी तेथे कलाकेंद्र उघडले, आणि स्वतःचे काम न मांडता गाले विन्स्टन कोफी डॉसन या ज्येष्ठ घानावासी चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाने त्याचा आरंभ केला. पुढे गावाबाहेर ‘रेड क्ले’ ही विस्तीर्ण वास्तू उभी राहिली. तिच्या आवारात मोडीत निघालेले आगगाडीचे डबे आणि विमाने आहेत, शाळकरी मुले त्यांत चढतात, बसतात, शिकतात, आणि कोणाकडूनही प्रवेशमूल्य घेतले जात नाही.

येथवर कौतुकच, पण तामालेतील तिसऱ्या वास्तूने मनात चिंता उत्पन्न केली. ती म्हणजे महामांनी विकत घेतलेले, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या अमदानीतील धान्याचे एक प्रचंड काँक्रीटचे कोठार. पीक साठवावे, ते कधी व कोणत्या भावाने विकावे हे परक्या बाजाराने नव्हे तर आपण ठरवावे, हा अशा कोठारांमागील विचार होता. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले, त्यांची सारी तजवीज निराधार झाली, आणि कोठार वटवाघळांच्या स्वाधीन झाले. महामांनी त्या वटवाघळांना न हुसकता तेथे कलेची जागा केली, ही त्यांची उदारता. परंतु या कोठारातून मिळणारा धडा त्यांच्या संस्थांनाही लागू पडतो. कोकोचा भाव जसा परदेशी पेढ्यांवर ठरतो, तसाच कलाकृतीचाही ठरतो. आज युरोपास ही पोती हवीहवीशी वाटतात, उद्या वाटतीलच याचा कोणी करारनामा लिहून दिलेला नाही, आणि ज्या उत्पन्नावर तामालेतील ही दारे विनामूल्य उघडी आहेत ते मुख्यतः एकाच माणसाच्या नावावरच्या कामाचे आहे. एन्क्रुमांची कोठारे सरकारी खजिन्याच्या बळावर उठली आणि एका उठावासरशी ओस पडली. महामांच्या संस्था तर त्याहून दुबळ्या आधारावर उभ्या आहेत. त्यांना दुसरा आधार मिळायचा असेल, तर तो त्या विमानांत बसून शिकणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी द्यावा लागेल; आणि ती मुले मोठी होईपर्यंत परदेशी दालनांतला भाव टिकावा लागेल.