‘येते’ म्हणायला शिकवणारं घर

बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत पाहुणा घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानमध्ये मूल शाळेतून परतलं की दारातूनच ‘तादाइमा’ म्हणतं, म्हणजे ‘आले बरं का’. आतून कुणीतरी ‘ओकाएरी’ अशी ओ देतं. हे शब्द पुस्तकातही सापडतात. पण ते कोणत्या सुरात म्हणायचे आणि न म्हटल्यास आईचा चेहरा कसा उतरतो, हे उंबरठ्यावरच कळतं. शाळकरी मुलांनी परदेशात जाऊन एखाद्या कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत शिकायचं आणि त्या घराची भाषा आपलीशी करायची, ही विद्यार्थी विनिमयाची पद्धत याच अनुभवावर उभी आहे.

तिची एक मोठी शाखा युद्धातून फुटली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधले जखमी सैनिक रुग्णवाहिकांतून वाहून नेण्यासाठी अमेरिकी तरुणांनी ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही स्वयंसेवी फळी उभारली. दुसऱ्या महायुद्धातही ते हेच काम करत होते. दोन पिढ्यांची कत्तल जवळून पाहिलेल्या या माणसांना वाटलं, की मुलं एकमेकांच्या घरी जेवली, राहिली, तर उद्या एकमेकांवर बंदूक रोखताना त्यांचा हात थांबेल. त्यांच्या पुढाकाराने १९४७ साली दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकेत शिकायला गेली. ‘एएफएस’ या नावाने ती संस्था आज भारतातही काम करते. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये सुरू झालेली ‘केनेडी-लुगर यस’ ही शिष्यवृत्तीही याच विचारातली. तिच्यात निवड झालेल्या मुलांना वर्षभराचा खर्च मिळतो.

आपल्याकडच्या पालकांच्या कानावर जास्त पडलेलं नाव म्हणजे रोटरीचं. रोटरीच्या युवा विनिमयात साधारण १५ ते १९ वयाची मुलं एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहतात, आणि तेही बहुधा एकाच घरी नाही. वर्षभरात दोन-तीन कुटुंबं त्यांना सांभाळतात. काही आठवड्यांची छोटी देवाणघेवाणही असते. यजमान कुटुंब राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाही. विमानभाडं, विमा, व्हिसा हे मात्र सहसा आपल्याला पाहावं लागतं. पालकांनी अर्ज भरण्याआधी शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात बसून एक गोष्ट पक्की करावी: परत आल्यावर मूल कोणत्या वर्गात बसणार आणि बोर्डाच्या परीक्षेचं काय. दहावी-बारावीच्या ऐन तोंडावर हा विचार झाला, तर घरात सगळ्यांचीच घालमेल होते.

सुरुवातीचे दिवस जड जातात. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं दुखतं, नेमका विनोद कळत नाही आणि जेवणही अनोळखी. जर्मनीत रात्री पाव, चीज असं थंडच जेवण वाढलं, की आपल्या मुलाला वाटतं, घरात भांडण झालं की काय! मग हळूहळू कळतं, की तिथे संध्याकाळी बहुतेक घरांत असंच जेवतात. जर्मनमधल्या ‘दू’ (तू) आणि ‘झी’ (तुम्ही) यांतला फरक व्याकरणात समजायला दहा मिनिटं लागतात. घरातल्या आजोबांनी स्वतःहून ‘मला दू म्हण’ असं सांगितलं, की त्यामागची माया कळते. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या मराठी मुलाला ती लवकर कळते.

हा प्रवास उलट दिशेनेही झाला आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या महाविद्यालयांच्या ‘एसीएम’ या संघाने १९६९ पासून अनेक वर्षं आपले विद्यार्थी पुण्याला पाठवले. ती मुलं मराठी शिकत आणि पुण्यातल्या कुटुंबांत राहत. त्यांना मराठी शिकवण्याच्या कामात मॅक्सीन बर्नसन होत्या. त्या स्वतः अमेरिकेतून आलेल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला राहिल्या आणि पुढे फलटणच्याच झाल्या. जाई निंबकरांसह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली. आपलं मराठी घर जगातल्या कुठल्याही मुलासाठी शाळा होऊ शकतं, हे यावरून दिसतं.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या तालुक्यातलं एक वेगळंच मूल येतं. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या टोळ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि त्यापलीकडे कर्नाटकातही. आईबापांबरोबर लेकरंही जातात. पाडव्यानंतर परतलेला असाच एक मुलगा मी शाळेच्या पटांगणात गोट्या मोजताना पाहिला: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. गुरुजींनी त्याला वर्गात बोलावलं, फळ्यावर एक ते दहा आकडे मांडले आणि सगळ्या वर्गाला त्याच्याकडून कन्नड म्हणवून घेतलं. एरवी बुडालेल्या अभ्यासापायी मान खाली घालून बसणारं ते पोर त्या दिवशी ताठ उभं होतं.

भाषा त्यानेही परमुलखातच मिळवली होती. फरक एवढाच, की त्याच्यासाठी कुणी घर उघडलं नव्हतं. उसाच्या फडाजवळची कोपी, म्हणजे झोपडी, हेच त्याचं घर होतं आणि तिथे शाळेची घंटा ऐकू येत नव्हती. म्हणून विनिमयाचा विचार परदेशापासून सुरू न करता गावापासून करावा, असं मला मनापासून वाटतं. हंगामात आईबाप फडावर असताना गावात राहणाऱ्या मुलांना ऊबदार वसतिगृह मिळावं, एखाद्या घरात हक्काचं पान मिळावं. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना सात घरांनी सांभाळण्याची रीत महाराष्ट्राने पाहिलेली आहे.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर ते आष्टी या ६६ किलोमीटरच्या मार्गावर रेल्वे धावली. आता आमची मुलं दूर जातील, दूरची मुलं आमच्याकडे येतील. एखादी परदेशी मुलगी काठवटीशी बसून वाकडीतिकडी का होईना, बाजरीची भाकरी थापेल. निघताना तिने ‘धन्यवाद’ म्हटलं, तर आजी तिला दारात थांबवेल आणि सांगेल, “असं नाही बाई, ‘येते’ म्हण.”