खोलीची मांडणी आणि जोडबिंदु

नव्या घरांत बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं खोल्यांची मांडणी संगणकाच्या पडद्यावर करून पाहण्याची सोय आतां पुष्कळ कुटुंबांना लाभली आहे. पलंग, कपाट, टेबल यांचीं चित्रें माउसनें उचलावीं आणि हवीं तेथें ठेवावीं, इतकें तें काम वरकरणी सोपें दिसतें. परंतु कपाट भिंतीला टेकलेलें दिसणें आणि तें खरोखर टेकलेलें असणें यांत भेद आहे. आणि सुतार कपाटें घेऊन दाराशीं उभा राहीपर्यंत तो बहुधा ध्यानांत येत नाहीं.

समजा, स्वयंपाकघरांतील ३ मीटर लांबीच्या भिंतीलगत ६० सेंटिमीटर रुंदीचीं ५ कपाटें बसवावयाचीं आहेत. हिशेबानें तीं नेमकीं मावतात. पण तींच नजरेच्या अंदाजानें ओळीनें मांडलीं आणि दर दोहोंमध्यें ३ मिलिमीटरांची फट राहिली, तर ४ फटींचे १२ मिलिमीटर होतात, व शेवटचें कपाट तितकें भिंतींत शिरतें. पडद्यावर संबंध स्वयंपाकघर दिसत असतांना एवढी फट केसाइतकीही भासत नाहीं.

यावरील उपाय म्हणजे स्नॅप पॉइंट. मराठींत त्यास जोडबिंदु म्हणतां येईल. वस्तूंचे कोपरे, कडांचे मध्य, वर्तुळाचें केंद्र, दोन रेषांचा छेद हीं ठिकाणें संगणकास ठाऊक असतात. हलविलेल्या वस्तूचा बिंदु त्यांपैकीं एखाद्याच्या निकट आला कीं, हाताचा कंप न जुमानतां संगणक तो नेमका तेथेंच नेऊन बसवितो. लोहचुंबकाजवळ टांचणी जावी तसा. ‘स्वीट होम थ्रीडी’ या सॉफ्टवेअरमध्यें तर या सोयीचें नांवच चुंबकत्व असें आहे. कल्पना मात्र जुनी. अमेरिकेंतील इव्हान सदरलंड यांच्या १९६३ सालच्या ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमांत प्रकाशलेखणी रेषेच्या जवळ येतांच ती रेषेवरच आहे असें यंत्र धरून चाले.

वस्तु कोणत्या बिंदूनें धरावी, हें मात्र मांडणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. कोपऱ्यांतील कपाट मागच्या कोपऱ्यानें धरून खोलीच्या कोपऱ्यास लावावें. जेवणाच्या टेबलावरील दिवा मध्यबिंदूनें टेबलाच्या मध्याशीं जुळवावा. पलंगाच्या उशाकडील कडेचा मध्य भिंतीच्या मध्यास लावला म्हणजे दोहों बाजूंस सारखीच जागा उरते. वजाबाकी करीत बसावें लागत नाहीं.

येथेंच फसगतीचा संभव आहे. बिंदु ज्या अंतरावरून ओढला जातो तें अंतर बहुधा पडद्यावरचें असतें, खोलींतलें नव्हे. चित्र लहान करून पाहतांना शेजारशेजारचे बिंदु एकमेकांत दाटतात, आणि भलताच बिंदु पकडला जातो. त्यासाठीं वस्तु ठेवण्यापूर्वीं तो कोपरा मोठा करून पाहावा. याहून महागांत पडणारी चूक भिंतीची. कांहीं सॉफ्टवेअरांत भिंत तिच्या मध्यरेषेवरून आंखतात, आणि ही रेषाही जोडबिंदु पुरविते. २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीच्या मध्यरेषेला कपाट चिकटलें तर तें साडेअकरा सेंटिमीटर विटांत गेलें. आणि चित्रांत खोली ऐसपैस दिसते ती त्यामुळेंच! पडद्याच्या झालरीसाठीं सोफा भिंतीपासून थोडा पुढें ठेवावयाचा असेल, तर हें चुंबकत्व तेवढ्यापुरतें बंद करावें हें बरें, नाहीं तर तो पुन्हां पुन्हां भिंतीकडे ओढला जातो.

शिवाय जोडबिंदु कपाट चिकटवितो तें नकाशांतल्या भिंतीला. गिलावा केलेली खरी भिंत क्वचितच तितकी सरळ असते. म्हणून वरील ५ कपाटांसाठीं दोन भिंतींमधील अंतर जमिनीजवळ, कंबरेइतक्या उंचीवर आणि छताजवळ असें तीन ठिकाणीं मोजून त्यांतला सर्वांत लहान आंकडा नकाशांत घालावा. तो ३०० ऐवजीं २९८.५ सेंटिमीटर निघाला, तर एक कपाट अरुंद करावें लागेल हें पडद्यावरच कळतें. ३०१ निघाला, तर उरलेली फट सुतार लांकडाची पट्टी मारून झांकतो.